अल्झायमर मेंदू कसा पोखरतो? नवी औषधं आली, तरी उशीर का होतोय?

आजीने सकाळी चहा घेतला. दहा मिनिटांनी तिने विचारलं, "आज चहा नाही का केला?" सून म्हणाली, "अहो आई, झाला की तुमचा चहा." आजीने मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न.

याच आजीला तिच्या लग्नात पंगतीत काय वाढलं होतं, माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या, हे सगळं आठवतं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "साठ वर्षांपूर्वीचं आठवतं आणि मगाचचा चहा आठवत नाही? मुद्दाम करते."

हा संवाद महाराष्ट्रातल्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने होत असतो. त्यावर आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक, 'साठी बुद्धी नाठी'. दुसरं, 'म्हातारचळ'. दोन्हींचा अर्थ एकच, वय झालं की असं व्हायचंच.

पण विज्ञान वेगळं सांगतं. आजी मुद्दाम करत नाही आणि हे निव्वळ वयामुळेही होत नाही. तिच्या मेंदूत एक आजार ठरावीक क्रमाने पसरत असतो, आणि तो बहुधा पंधरा-वीस वर्षांपूर्वीच सुरू झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत अल्झायमर पुन्हा पुन्हा बातम्यांत आला. २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत दोन नव्या औषधांना मंजुरी मिळाली. मे २०२५ मध्ये रक्ताच्या चाचणीला हिरवा कंदील मिळाला. सोशल मीडियावर 'अल्झायमरवर उपाय सापडला' अशा पोस्ट फिरू लागल्या. खरंच सापडला का? याचं उत्तर हवं असेल, तर हा आजार मेंदूचं नुकसान कसं करतो हे आधी समजून घ्यावं लागेल.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

नाही. डिमेन्शिया म्हणजे लक्षणांचा समूह. स्मरणशक्ती, भाषा, निर्णय घेण्याची क्षमता इतकी ढासळते की रोजचे व्यवहार जमेनासे होतात, तेव्हा त्याला डिमेन्शिया म्हणतात. त्यामागची कारणं वेगवेगळी असू शकतात आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अल्झायमर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. त्यातले ६० ते ७० टक्के रुग्ण अल्झायमरचे असू शकतात. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा डिमेन्शिया आणि इतर प्रकार येतात. उतारवयात अनेकांच्या मेंदूत एकाहून जास्त कारणं एकत्रही सापडतात.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयानुसार होऊ शकतं. थोड्या वेळाने ते आठवतं, किंवा कुणी सांगितलं की 'अरे हो' म्हणून लक्षात येतं. पण चष्मा फ्रीजमध्ये सापडणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, आयुष्यभर केलेली आमटी कशी करायची हेच न सुचणं, ही वेगळी गोष्ट आहे.

१९०१ सालची फ्रँकफर्टची रुग्ण

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक महिला दाखल झाली. वय ५१ वर्षं. ती नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायची, वस्तू लपवायची, घरातली कामं तिला जमेनाशी झाली होती.

तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी बोलून बारकाईने नोंदी ठेवल्या. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर तिला ते पूर्ण लिहिता येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असं ती म्हणायची.

एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसल्या तरी पदार्थाचे चट्टे साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन शहरात डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

आज सव्वाशे वर्षांनंतरही या आजाराचं निदान याच दोन खुणांवर उभं आहे. फक्त आता त्यांची नावं आणि काम ठाऊक झालं आहे. बाहेरचे चट्टे बीटा अमायलॉइडचे, आतला गुंता टाऊचा.

पहिली खूण: पेशींच्या बाहेरचा चिकट कचरा

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातली एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असू शकते. या जोडांना सिनॅप्स म्हणतात. आठवण ही कुठल्या तरी एका पेशीत डब्यासारखी भरून ठेवलेली नसते. ती या जोडांच्या जाळ्यात असते.

चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचं एक प्रथिन असतं. शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याचे तुकडे करतात. हे सगळ्यांच्याच मेंदूत रोज चालतं. पण विशिष्ट दोन विकरांनी विशिष्ट जागी काप घेतला, तर बीटा अमायलॉइड नावाचा तुकडा तयार होतो. त्याचा ४२ घटकांचा एक प्रकार जास्त चिकट असतो.

निरोगी मेंदू हे तुकडे साफ करत राहतो. तयार होण्याचा वेग जास्त झाला किंवा सफाई कमी पडू लागली, की ते एकमेकांना चिकटतात. आधी लहान गुठळ्या होतात, मग त्यांचे मोठे चट्टे. लहान गुठळ्या सिनॅप्सच्या कामात अडथळा आणतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

अमायलॉइडवर संशय का गेला? एपीपी बनवणारं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत असते. म्हणजे एपीपीही जास्त बनतं. अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरच्या खुणा बहुतेक वेळा दिसू लागतात. शिवाय काही मोजक्या घराण्यांत याच प्रक्रियेशी संबंधित जनुकांत दोष असतो आणि तिथे हा आजार चाळिशी-पन्नाशीत, पिढ्यानपिढ्या दिसतो.

पण इथे एक कोडं आहे. अनेक वृद्धांच्या मेंदूत अमायलॉइडचे भरपूर चट्टे असतात आणि तरीही त्यांची स्मरणशक्ती ठणठणीत असते. म्हणजे चट्टे असले की विस्मरण होणारच, असं साधं गणित नाही.

दुसरी खूण: पेशींच्या आतला गुंता

चेतापेशीला लांब शाखा असतात. मुख्य भागात तयार झालेलं अन्न आणि साहित्य या शाखांच्या टोकापर्यंत पोचवावं लागतं. त्यासाठी पेशीत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात. टाऊ हे प्रथिन या रुळांना जागेवर धरून ठेवायला मदत करतं. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर रुळांखालचे स्लीपर.

अल्झायमरमध्ये टाऊवर फॉस्फेटचे कण गरजेपेक्षा फार जास्त चिकटतात. मग टाऊ रुळांवरून सुटतो, आणि सुटे धागे एकमेकांत गुंततात. रूळ खिळखिळे झाले की वाहतूक कोलमडते. शाखांच्या टोकांना साहित्य मिळेनासं होतं. आधी सिनॅप्स वाळतात, मग पेशी मरते. नंतर हा बिघडलेला टाऊ जोडलेल्या पुढच्या पेशीतही बिघाड पसरवतो, असं अनेक प्रयोग सुचवतात.

रुग्णाची लक्षणं अमायलॉइडपेक्षा टाऊशी जास्त जुळतात. टाऊ जिथे पोचतो, तिथलं काम बिघडतं.

सफाई कामगारच जेव्हा बिघडतात

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या मेंदूच्या सफाई कामगार आणि पहारेकरीही. त्या अमायलॉइड गिळतात, चट्ट्यांभोवती कडं करतात. पण वर्षानुवर्षं कचरा संपतच नाही, तेव्हा त्यांचं काम बिघडतं. त्या सतत दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात आणि काही वेळा चांगले सिनॅप्सही गिळून टाकतात.

२०१३ मध्ये ट्रेम-२ नावाच्या जनुकाबद्दल महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं. हे जनुक मायक्रोग्लियाच्या कामाशी संबंधित आहे. त्यातल्या एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका बराच वाढतो. दाह हा फक्त आजाराचा परिणाम नसून आजार पुढे ढकलणारा घटकही आहे, हे त्यामुळे ठळक झालं.

चहा का आठवत नाही आणि लग्न का आठवतं?

आता पुन्हा त्या आजीकडे.

टाऊचा गुंता मेंदूत कुठेही, कसाही पसरत नाही. १९९१ मध्ये जर्मनीतले हायको आणि एव्हा ब्राक या संशोधक दांपत्याने त्याच्या पसरण्याचे टप्पे मांडले. साधारणपणे तो आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात दिसतो. तिथून शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जातो. त्यानंतर मेंदूच्या बाजूच्या, वरच्या आणि पुढच्या भागांत.

हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी नोंदवणारा भाग आहे. तोच आधी निकामी होऊ लागतो. त्यामुळे सकाळच्या चहाची नीट नोंदच होत नाही. आजी चहा 'विसरली' असं आपण म्हणतो, पण खरं तर तो तिच्या मेंदूत लिहिलाच गेला नाही. जे लिहिलंच नाही, ते आठवणार कुठून? म्हणून 'जरा नीट आठवून बघा' असं सांगून उपयोग होत नाही.

लग्नाची गोष्ट वेगळी आहे. ती आठवण साठ वर्षांत शेकडो वेळा उजळली गेली आणि मेंदूच्या बाहेरच्या थरांत दूरवर पसरली. तिथपर्यंत आजार अजून पोचलेला नाही.

रस्ता चुकण्याचं कारणही इथेच आहे. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी याच भागांत असतात. हिप्पोकॅम्पसमधल्या आणि एन्टोरायनल कॉर्टेक्समधल्या अशा पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. अल्झायमर नेमका याच वस्तीत आधी शिरतो. त्यामुळे तीस वर्षं ज्या वाण्याकडे गेले, त्याच्या दुकानातून घरी येताना आजोबा चुकतात.

आजार पुढे सरकला की शब्द सापडत नाहीत. मग हिशेब, कपडे घालणं, चेहरे ओळखणं अवघड होतं. पुढच्या भागात पोचला की स्वभाव बदलतो. शांत माणूस चिडका होतो, संशय घेतो. शेवटच्या टप्प्यात चालणं आणि गिळणंही कठीण होतं. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचं एक नेहमीचं कारण आहे.

अशा व्यक्तीचं रोजचं जगणं कसं होतं, हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मराठी प्रेक्षकांनी पाहिलं आहे. त्यात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे.

लक्षणं दिसतात तेव्हा आजार किती जुना असतो?

लाकडी चौकटीला वाळवी लागली, तर बाहेरचा रंग बरेच दिवस शाबूत दिसतो. बोटाने दाबल्यावर भोक पडतं, तेव्हा आतलं लाकूड संपलेलं असतं. अल्झायमरचंही तसंच आहे. अमायलॉइड साचायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पंधरा ते वीस वर्षं जाऊ शकतात. पंचाहत्तरीत दिसणारा आजार पंचावन्नच्या सुमारास सुरू झालेला असू शकतो.

या काळात मेंदू वेळ मारून नेतो. एक जोड तुटला की दुसऱ्या वाटेने काम चालवतो. ज्याच्याकडे अशा वाटा जास्त, तो जास्त काळ तग धरतो. याला मेंदूची राखीव क्षमता म्हणतात. अमेरिकेत ६७८ नन्सचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यांच्यातल्या काही जणींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या स्पष्ट खुणा सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी चांगली चालत होती.

शिक्षण, मेंदूला ताण देणारं काम आणि माणसांत वावर यामुळे ही क्षमता वाढते, असं मानलं जातं.

नवी औषधं: २७ टक्के म्हणजे नेमके किती?

आतापर्यंत डोनेपेझिल आणि मेमॅन्टिनसारखी औषधं वापरली जात होती, आजही वापरली जातात. ती मेंदूतल्या रसायनांचा समतोल थोडा सुधारतात. काही रुग्णांना काही काळ बरं वाटतं. पण ती मूळ आजार रोखत नाहीत.

नवी औषधं थेट अमायलॉइडवर हल्ला करतात. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लेकानेमॅबला पूर्ण मंजुरी दिली. जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅबला मंजुरी मिळाली. दोन्ही औषधं सलाइनसारखी शिरेतून देतात आणि दोन्ही मेंदूतला अमायलॉइड खरोखरच कमी करतात.

मग रुग्ण बरे होतात का? लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते. १८ महिन्यांनी १८ गुणांच्या एका मोजपट्टीवर औषध न मिळालेल्यांची स्थिती सरासरी १.६६ गुणांनी खालावली. औषध मिळालेल्यांची १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. 'आजार २७ टक्क्यांनी मंदावला' ही बातमी यातून आली.

आकडा खरा आहे. पण दोन्ही गटांतले रुग्ण सरासरी खालावलेच. औषधाने घसरण हळू झाली. ती थांबली नाही आणि गेलेली स्मरणशक्ती परत आली नाही. हा फरक रोजच्या आयुष्यात जाणवण्याइतका आहे का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत.

धोकेही आहेत. या औषधांमुळे मेंदूत सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. लेकानेमॅबच्या चाचणीत १२.६ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये सूज दिसली. डोनानेमॅबच्या चाचणीत हे प्रमाण २४ टक्के होतं. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, पण काहींची प्रकृती गंभीर झाली आणि मृत्यूही झाले. एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका जास्त असतो.

किंमत हा पुढचा अडथळा. अमेरिकेत लेकानेमॅबची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठरली, म्हणजे वीस लाख रुपयांहून जास्त. ब्रिटनच्या औषध नियामकाने दोन्ही औषधांना परवानगी दिली. पण सरकारी आरोग्यसेवेने ती द्यावीत का हे ठरवणाऱ्या संस्थेने जून २०२५ मधल्या अंतिम मसुद्यात नकार दिला. होणारा फायदा खर्चाच्या मानाने फार कमी आहे, असं तिचं म्हणणं होतं.

फायदा इतका मर्यादित का, याचं कारण आजाराच्या क्रमात आहे. औषध अमायलॉइड साफ करतं. पण लक्षणं दिसेपर्यंत टाऊ पसरलेला असतो, सिनॅप्स तुटलेले असतात, पेशी मेलेल्या असतात. वाळवी मारली म्हणून खाल्लेलं लाकूड परत येत नाही. म्हणूनच ही औषधं फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहेत. लक्षणं दिसण्याआधीच औषध दिलं तर काय होतं, याच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या त्याही यामुळेच.

अमायलॉइडच्या सिद्धांतावर वाद का आहे?

काही शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे की संशोधनाचा बहुतेक पैसा आणि वेळ अमायलॉइडवरच गेला. अमायलॉइडवर काम करणारी अनेक औषधं आधी अपयशी ठरली. २०२१ मध्ये अडुकॅनुमॅबला घाईने मंजुरी दिल्याची टीका झाली आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचा निर्णय घेतला. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला, अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दलचा गाजलेला शोधनिबंध चित्रांत फेरफार आढळल्यामुळे जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

त्यावरून 'अमायलॉइडचं सगळं संशोधन खोटं होतं' असे व्हिडिओही आले. ते बरोबर नाही. तो एक निबंध होता. जनुकांचे पुरावे त्यावर अवलंबून नाहीत. आज अनेक संशोधक असं मानतात की अमायलॉइडने सुरुवात होते, पण पुढचं नुकसान टाऊ, दाह आणि रक्तवाहिन्यांचा बिघाड मिळून करतात.

दुसऱ्या वाटाही तपासल्या जात आहेत आणि त्यातही अपयश येतं. मधुमेह आणि वजनावर गाजलेलं सेमाग्लुटाइड अल्झायमरवर चालेल अशी आशा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. आजार मंदावला नव्हता.

रक्ताच्या चाचणीने काय बदलेल?

पूर्वी मेंदूतला अमायलॉइड खात्रीने मृत्यूनंतरच कळायचा. मग पेट स्कॅन आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी आली. पण स्कॅन महाग आणि दुसरी तपासणी त्रासदायक.

मे २०२५ मध्ये एफडीएने रक्ताच्या एका चाचणीला मंजुरी दिली. ती रक्तातल्या टाऊच्या एका प्रकाराचं अमायलॉइडशी असलेलं प्रमाण मोजते. मात्र ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या व्यक्तींसाठी आहे. सहज उत्सुकता म्हणून करायची ही चाचणी नाही. निकालाचा अर्थ इतर तपासण्यांसोबत डॉक्टरांनीच लावायचा असतो.

भारतात चित्र काय आहे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे.

या अभ्यासात डिमेन्शियाचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळलं, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शिक्षण कमी असलेल्यांतही ते जास्त होतं. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेक स्त्रियांची शाळा लहानपणीच सुटली होती. मेंदूची राखीव क्षमता तयार होण्याच्या वयात मिळालेला नकार त्यांना म्हातारपणी भोवतो, असा याचा एक अर्थ निघतो.

अशा देशात नवं औषध उपयोगी पडायचं, तर आधी आजार सुरुवातीलाच ओळखला जायला हवा. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट, पेट स्कॅन, वारंवार एमआरआय लागतात. ते मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. आणि त्याआधीची अडचण म्हणजे 'वय झालंय' म्हणून घरातले डॉक्टरांकडे नेतच नाहीत. औषधासाठी जो सुरुवातीचा टप्पा हवा, तोच 'म्हातारचळ' या शब्दात निघून जातो.

मग आज हातात काय आहे?

'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ घटकांची यादी दिली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, स्थूलता, व्यायामाचा अभाव, नैराश्य, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, एकटेपणा आणि उपचार न केलेली कमी दृष्टी. हे सगळे घटक दूर झाले, तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे.

हा आकडा पूर्ण समाजासाठी आहे. एखाद्या व्यक्तीने सगळं नीट करूनही तिला अल्झायमर होऊ शकतो. त्यामुळे 'तुम्ही व्यायाम केला नाही म्हणून झालं' असं रुग्णाला सुनावणं चुकीचं आणि क्रूर आहे.

तरी चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांसाठी यात मोठी गोष्ट आहे. आजार ज्या वयात गुपचूप सुरू होतो, त्याच वयात बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं आपल्या हातात असतं. हेल्मेट घालणं, कमी ऐकू येत असेल तर कानाचं यंत्र लावायला न लाजणं, मोतीबिंदू वेळेत काढणं, हे सगळं मेंदूचं रक्षणच आहे.

आणि फॉरवर्डमधले उपाय? खोबरेल तेलाने किंवा 'मेंदू तल्लख करणाऱ्या' गोळ्यांनी अल्झायमर बरा होतो, याला पक्का पुरावा नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे तो होतो हेही सिद्ध झालेलं नाही.

घरात अशी लक्षणं दिसली तर?

आधी डॉक्टरांकडे न्या. प्रत्येक विस्मरण अल्झायमर नसतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही माणूस विसरभोळा होतो. यातल्या अनेक कारणांवर उपचार आहेत. 'वय झालंय' म्हणून घरी बसलं, तर बरा होणारा आजारही राहून जातो.

अल्झायमरच निघाला, तर बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र, उपचारांबद्दलची इच्छा याबद्दल रुग्णाशी लवकर बोला. सुरुवातीच्या टप्प्यात त्या व्यक्तीला स्वतःचं मत सांगता येतं. सांभाळणाऱ्या माणसाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा सून, मुलगी किंवा पत्नी यांच्या एकटीच्या अंगावर पडतं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या दोन्ही सेवा मोफत आहेत.

आणि वाद घालू नका. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रपटांचे तुकडे दाखवले. काय पाहिलं हे ते थोड्या वेळात विसरले, पण मनात उमटलेली भावना बराच वेळ टिकून राहिली.

याचा घरातला अर्थ सरळ आहे. "मगाशीच सांगितलं ना!" हे शब्द आजी दहा मिनिटांत विसरेल. त्यातलं दुखावणं मात्र तिच्याजवळ राहील, आणि आपण का उदास आहोत हे तिला कळणारही नाही. तसंच चौथ्यांदा "झाला की चहा, छान झाला होता" असं हसून सांगितलं, तर ते शब्दही ती विसरेल. बरं वाटणं मात्र थोडा वेळ टिकेल.